विषय: पलूसचा प्रकल्प, मूल्यमापनाची तयारी

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

2019 च्या महापुरानंतर पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या 6 गावांत एकट्या बायकांसाठी आपण तिथल्या संस्थेमार्फत जो आधार प्रकल्प सुरू केला, त्याचा हा टप्पा मार्चअखेर संपतोय. शिलाई मशीन किंवा शेळ्या, महिन्याला एक बैठक आणि अडीअडचणीला फोन करता येईल अशी एक कार्यकर्ती, असं त्याचं स्वरूप. एकूण 140 बायका. पुढचे पैसे देण्याआधी मूल्यमापन करावं असं कार्यकारिणीत ठरलंय. 40 प्रश्नांचा फॉर्म जोडला आहे, सूचना रविवारपर्यंत कळवा.

एक शंका. सँपल किती घ्यायचं? नेटवर जिथे तिथे 384 दिसतं. आपल्याकडे तेवढ्या बायकाच नाहीत!

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

सचिवसाहेब, राग मानू नका, पण हे मला पटत नाही. त्या ऑगस्टमध्ये मी सांगलीच्या गावभागात भावाकडेच होतो. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी 57 च्या वर गेलं. तळमजला गेलाच, आम्ही वरच्या मजल्यावर मेणबत्त्या मोजत बसलो होतो. त्यानंतर आपण पोटतिडकीनं पैसे दिले. आता मोजायला जाणं म्हणजे आहेर केल्यावर वर्षभरानं साडी नेसतात का ते बघायला जाण्यासारखं झालं. संस्थेचं ऑडिट होतं, अहवाल येतो, फोटो येतात. आणखी काय हवं?

प्रेषक: भिलवडीची लेक

काका, आहेराचं आवडलं, पण ऑडिटनं पैसे कुठे गेले तेवढंच कळतं. मशीन आलं, पावती फाइलला लागली, ऑडिट संपलं. बाईचं पुढे काय झालं हे त्या फाइलमध्ये नसतं. फोटोंचं तर बोलायलाच नको. नवी साडी नेसून मशीनपाशी बसलेल्या बाईचा फोटो ते मशीन बंद पडलं असलं तरी तसाच येतो.

सचिवदादा, फॉर्मबद्दल स्पष्ट लिहिते, नोकरीच आकड्यांची आहे. आधी हे ठरवा की निकाल हातात आल्यावर आपण काय बदलू शकतो. माझ्या मते तीनच गोष्टी: मशीन आणि शेळ्या द्यायच्या की रोख फिरतं भांडवल, बैठक आणि कार्यकर्ती यांचा खर्च चालू ठेवायचा का, नवी गावं घ्यायची का. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं या तिन्हींपैकी काहीच हलणार नाही, तो प्रश्न खोडायचा. मी खोडत गेले तेव्हा 40 पैकी 12 उरले. घरात शौचालय आहे का, हे आपण कशासाठी विचारतोय?

384 चं गणित असं. माणसं लाखांत असतील, 95 टक्के खात्री हवी असेल आणि 5 टक्के इकडंतिकडं चालणार असेल, तर तो आकडा येतो. 140 जणीच असतील तर तेच सूत्र 103 वर उतरतं. मग 103 घरी जायचं आणि 37 जणींच्या दारावरून पुढे जायचं? सगळ्यांनाच भेटा. आणि मधेच सोडून गेलेल्यांना आधी भेटा. प्रकल्प कुठे चुकला ते त्याच सांगतील. आजच्या यादीत त्यांची नावं नसणार, जुनी यादी मागवून घ्या.

खरी अडचण वेगळी आहे. समजा कमाई वाढलेली दिसली. ती आपल्यामुळे वाढली कशावरून? सुरुवात झाली आणि काही महिन्यांत लॉकडाऊन आला. जुलै 2021 ला परत पाणी घरात. 2024 पासून लाडकी बहीणचे महिन्याला 1,500. एवढ्या गोष्टींतून आपल्या मशीनचा वाटा कसा वेगळा काढणार? पण सुरुवातीला अर्ज आला होता आणि आपले पैसे संपले म्हणून ज्यांना घेता आलं नाही, अशा बायका त्याच गावांत आहेत. तोच पूर, तोच लॉकडाऊन, त्याच सरकारी योजना. त्यांच्याशी तुलना केली तर काहीतरी हाती लागेल. फक्त त्यांच्या दारात जाताना, 'तुम्हाला काही दिलं नाही, पण तासभर माहिती द्या' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं, याचा आधी विचार व्हावा.

आणि विचारणारा कोण? संस्थेच्याच कार्यकर्तीनं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'लई झ्याक चाललंय, ताई.' बाहेरचं कुणीतरी हवं. समाजकार्य शिकणाऱ्या मुली मिळाल्या तर उत्तम, पण त्यांना मानधन द्या. फुकटात राबवू नका.

प्रेषक: सुट्टीवर आलेला सदस्य, सध्या सांगली

मंडळी, घरी आलोच होतो म्हणून परवा एका गावातल्या बैठकीला जाऊन बसलो. मूल्यमापनाचं नावही काढलं नाही, फक्त ऐकलं.

पहिली गोष्ट वेळेची. फॉर्मवर 'सकाळी 10 ते 5' लिहिलंय. त्या वेळेत घरी कुणी भेटणार नाही. द्राक्षबागांत विरळणी चालू आहे, बायका डबा घेऊन सकाळीच बाहेर पडतात. रात्री जेवणं झाल्यावर देवळाच्या ओट्यावर भेटतात. पुढे माल काढणी, मग बेदाण्याचं काम. म्हणजे मार्चपर्यंत दिवसा कुणाला फुरसत नाही.

दुसरी गोष्ट, एकीनं मशीन विकलंय. तिनं चोरून नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. मुलीच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडत होते. आपल्या फॉर्मवर 'मशीन वापरात आहे का?' याला ती 'नाही' म्हणणार आणि अपयशाच्या रकान्यात जाणार. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे.

तिसरी गोष्ट ऐकून मी गप्पच झालो. मशीन, शेळ्या यांवर पाच मिनिटं बोलणं झालं. उरलेला तासभर सगळं त्या फोनवाल्या कार्यकर्तीबद्दल. 2021 ला पाणी वाढत होतं तेव्हा तिनं रात्री एकेकीला उठवून जनावरं वर न्यायला लावली. वारसनोंदीला दीर आडवे आले तेव्हा ती तलाठ्याकडे सोबत गेली. एक आजी म्हणाल्या, "मशीन काय, कुणीबी देतंय. आडल्यावर उचलायला फोन पायजे." आपल्या 40 प्रश्नांत फोनबद्दल एकही प्रश्न नाही. मी दोनदा तपासलं.

प्रेषक: एक वहिनी

वेळेचं वाचून सुचलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं तर सगळ्या एकत्र येतील, वाणही देता येईल. कसं वाटतं?

प्रेषक: भिलवडीची लेक

वहिनी, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण यादीत निम्म्याहून जास्त विधवा आहेत. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 साली विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, सरकारनंही परिपत्रक काढलं, हे खरं. तरी प्रत्येक गाव हेरवाड झालेलं नाही. आपण हौसेनं बोलवायचं आणि कुणीतरी कोपऱ्यात उभी राहायची, असं नको व्हायला. साधी बैठक ठेवू, तिळगूळ सगळ्यांना देऊ.

फोनचं वाचून माझाही अंदाज चुकला हे कबूल करते. मीच कार्यकर्तीला 'खर्च' म्हणून दुसऱ्या नंबरला टाकलं होतं. प्रश्न नव्यानं लिहिते. सुरुवातीला एकच उघडा प्रश्न ठेवू: 'या वर्षांत तुमच्या आयुष्यात सगळ्यात मोठा बदल कोणता झाला?' प्रकल्पाचं नावही घ्यायचं नाही. मग बाकीचं. आणि पुराआधीची कमाई रुपयांत विचारू नका, कुणाला आठवणार? 'तेव्हा किराणा उधारीवर होता का, आज आहे का' असं विचारा.

प्रेषक: खजिनदार

चर्चा छान चाललीय, आता पैशाचं बोलतो. अशा कामाला प्रकल्पखर्चाच्या 5 ते 10 टक्के धरतात, तेवढे ठेवू. पण लक्षात घ्या, आपला पैसा संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यात जातो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे. मुलाखती घेणाऱ्यांचं मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचं, हे संस्थेच्या सीएंना आधी विचारा. खर्च झाल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरं, बायकांची नावं, फोन नंबर, मशीन विकल्याच्या गोष्टी या लिस्टवर नकोत. इथे 300 लोक आहेत. वरच्या मेलमध्ये नाव नव्हतं, बरं झालं.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

फोनची गोष्ट वाचून माझं म्हणणं मागे घेतो. फेब्रुवारीत मी सांगलीला आहेच. यादी द्या, 10-15 घरं मी करतो.

प्रेषक: भिलवडीची लेक

काका, तुम्ही नका जाऊ! देणगीदार समोर बसल्यावर ती चहा करेल, मशीनवरचा कपडा झटकेल आणि सगळं छान आहे म्हणेल. जमलं तर असं करा: सोडून गेलेल्यांची जुनी यादी संस्थेच्या कार्यालयातून तेवढी मिळवून द्या. मेलवर मागून ती दोन महिने येणार नाही, तुम्ही समोर जाऊन बसलात की येईल.

प्रेषक: सचिव

40 प्रश्नांचा फॉर्म मागे घेतोय. ताईंनी नवे प्रश्न पाठवले की आधी त्या आजींच्याच गावात पाच-सहा जणींना रात्रीच्या बैठकीत विचारून बघू, मग बाकी गावं. काका, कार्यालय रविवारी बंद असतं, सोमवारी जा.