मदत हवी आहे: अर्जात 'मिसफॉर्च्यून' लिहावं की 'हार्डशिप'?

नमस्कार. भाचीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी विचारतेय. मुदत येत्या सोमवारपर्यंत आहे, त्यामुळे इंग्रजी चांगलं असणाऱ्यांनी जरा लवकर सांगितलं तर फार बरं होईल.

आम्ही केज तालुक्यातले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा भाऊ आणि वहिनी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परत येतात. भाची त्या महिन्यांत माझ्याकडं राहून शिकली, आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्जात एक प्रश्न आहे: तुम्ही सोसलेल्या हार्डशिपबद्दल तीनशे शब्दांत इंग्रजीत लिहा. पोरीनं सुरुवात केली, 'ड्यू टू मिसफॉर्च्यून, माय फादर बिकेम अ केन कटर.' दोन्ही शब्दांचा अर्थ तिला शब्दकोशात संकट, आपत्ती असाच सापडला होता, म्हणून तिला फरक वाटला नाही.

मी ते भावाला मराठीत सांगितलं, 'दुर्दैवानं माझे वडील ऊसतोड कामगार झाले.' तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुर्दैव कशाचं आलंय ताई? बोअरला पाणी नव्हतं अन् मुकादमाची उचल फिटंना. त्यात नशिबाचं काय?" (मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्याच्याकडून आधीच घेतलेले पैसे.)

तेव्हापासून मी या शब्दांच्या मागं लागले आहे. मला कळलं ते लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त करा.

मिसफॉर्च्यूनमध्ये फॉर्च्यून म्हणजे नशीब आहे. ज्यात कुणाचा हात नाही असं काही वाट्याला आलं, तर तो शब्द. हार्डशिप नशिबाबद्दल काहीच बोलत नाही. ते रोजचं सोसणं आहे: पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणं, आजारी पडलं तरी लागणारा खाडा. वहिनीचं बाळंतपण फडातच झालं, तेही मी यातच धरते. उलट, एका वर्षी भावाचा बैल वीज पडून गेला, ते मिसफॉर्च्यून. एकदा ट्रॉली कलंडली, ऊस रस्त्यावर सांडला, पण कुणाला खरचटलंही नाही. त्याला मिसहॅप म्हणतात असं दिसतं. त्यातला 'हॅप' म्हणजेही नशीबच आणि 'हॅपी' हा शब्दही त्याच मुळातून आला आहे. पण तो हलका शब्द आहे. माणूस गेला तिथं मिसहॅप म्हटलं तर घरच्यांना लागेल.

मोठ्या घटनांचे शब्द वेगळे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या घरात अजून बोलली जाते. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. ते डिझास्टर. या शब्दात 'वाईट तारा' दडलेला आहे, म्हणजे आपली ग्रहदशाच. कॅलॅमिटी हा शब्द जुने लॅटिन पंडित पिकाच्या ताटाशी जोडायचे: गारांनी ताटं झोपली, की कॅलॅमिटी. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण २०१४ ची गारपीट पाहिलेल्या मला ती सोडवत नाही.

सगळ्यात जवळचा वाटला तो ट्रिब्युलेशन. लॅटिनमध्ये ट्रिब्युलम म्हणजे मळणीचं अवजार, खाली गारगोट्या किंवा लोखंडी दात बसवलेली फळी. ती जनावरांना जुंपून धान्यावरून ओढायचे. माझ्या डोळ्यांपुढं आमचं खळं आलं, मेढीभोवती बैलांची पात आणि खाली तुडवली जाणारी ज्वारीची कणसं. भाचीला हाच शब्द घाल म्हणाले, तर तिचे सर म्हणाले की तो आता चर्चमधल्या किंवा जुन्या पुस्तकी भाषेतला वाटतो. खरं आहे का हे? अ‍ॅडव्हर्सिटीबद्दल मात्र माझंच मन तयार होत नाही. दुसऱ्यानं आपल्याबद्दल म्हणावा असा तो शब्द आहे, स्वतःबद्दल लिहिला की भाषण वाटतं.

डिस्ट्रेस शब्दाचा मूळ अर्थ ताणून धरणं, म्हणजे आपली ओढाताण. दुष्काळात चारा नाही म्हणून जनावरं येईल त्या भावात विकावी लागतात, त्याला डिस्ट्रेस सेल म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात थकबाकीपोटी सामान जप्त करण्यालाही डिस्ट्रेसच म्हणायचे. उचलीचं वर्णन करताना हा चालेल का?

खरी अडचण पुढं आहे. आपण आस्मानी आणि सुलतानी वेगळं सांगतो. आस्मानीला विम्याच्या कागदांत अ‍ॅक्ट ऑफ गॉड आहे. सुलतानीला काय? पाऊस नव्हता ही आस्मानी. पण या वर्षीची उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम, आणि नवरा-बायको दोघं मिळून मजुरीच्या हिशेबात एकच 'कोयता' धरणं, हे माणसांनी केलेलं आहे. एक्स्प्लॉयटेशन लिहिलं तर अर्ज वाचणाऱ्याला तक्रार वाटेल अशी पोरीला भीती आहे. मिसफॉर्च्यून लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि बाप तर तिचा दुखावलाच आहे.

सध्या तिनं पहिलं वाक्य असं केलंय: 'आमची बोअर आटली, वडिलांनी उचल घेतली आणि ती फेडायला ते दरवर्षी ऊस तोडतात.' इंग्रजीतही असंच साधं लिहिलंय, त्यात हार्डशिप शब्दच नाही. प्रश्नात तो शब्द आहे, मग उत्तरात कुठंतरी यायलाच हवा का? आणि आला तर एकवचनी की 'हार्डशिप्स'? एवढं तरी नक्की सांगा. तिचा पूर्ण मसुदा मी उद्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर इथंच टाकते.