सिनेमा कानाने बघणाऱ्यांची बाजू

अपडाउन_बडोदा

परवा 'जुना पडदा' यांनी इथे लिहिलं की जानेवारी ते मार्च चालणारे ऑस्करचे पॉडकास्ट म्हणजे शुद्ध सट्टाबाजार. "दिग्दर्शकाचं काम डोळ्यांनी बघायचं असतं, कानात बोंडं घालून नाही," आणि हे ऐकणारे सिनेमे कमी बघतात, गप्पा जास्त ऐकतात. उत्तर लिहायला बसलो, प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

शेवटचा आरोप माझ्या बाबतीत खरा आहे, तो आधीच मान्य करून टाकतो. सकाळी पावणेसातला घर सोडायचं, अंकलेश्वरला प्लांट, रात्री साडेआठला परत. एकोणीस वर्षं हेच अप-डाउन. डब्यात एका बाजूला रुमाल पसरून पत्ते, दुसऱ्या बाजूला भजनमंडळी, मध्ये मी. नर्मदेचा पूल आला की खडखडाटात काही ऐकू येत नाही, तेवढं मागे घेऊन पुन्हा ऐकतो. सिनेमे वर्षाला दहा-बारा होतात.

पण सट्टा? अंदाज सांगणारे असतात, नाही कोण म्हणतं. मी ऐकतो ते निराळे. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा, म्हणजे गिल्डचा, 'द डायरेक्टर्स कट' घ्या. तिथे प्रश्न विचारणाराही दिग्दर्शकच, त्यामुळे 'प्रेरणा कुठून मिळाली' कमी आणि 'हा सीन नेमका कसा घेतलात' जास्त. रॉजर डीकिन्स २०२० पासून बायकोबरोबर पॉडकास्ट करतो. तेरा नामांकनं फुकट गेली आणि चौदाव्याला ऑस्कर मिळालं, असा हा कॅमेरामन. तो लेन्सबद्दल बोलतो तेव्हा कोणावर पैसे लावत नसतो.

आता माझं. मागच्या वर्षी आमच्या हौशी मंडळाची एकांकिका बसवत होतो. आईचं काम करणाऱ्या बाई 'तू जा, माझी काळजी करू नकोस' या वाक्याला दर तालमीत रडायच्या. अगदी खरं रडायच्या, आणि बघणाऱ्यांना काहीही व्हायचं नाही. मी आपला 'थोडं कमी', 'आतून रडा' असलं काहीबाही सांगत होतो. त्याच आठवड्यात गाडीत ऐकलं, दोघे दिग्दर्शक नटांबद्दल बोलत होते: भावना सांगू नका, हाताला काम द्या. दुसऱ्या दिवशी घरून मोड आलेले वाल नेले, परातीत पाणी घातलं आणि म्हटलं, डाळिंब्या सोलता सोलता वाक्य बोला. वालाचं साल चिमटीतून सटकन सुटतं, डाळिंबी उडते, लक्ष तिकडे ठेवावंच लागतं. बाईंनी मान वर न करता वाक्य टाकलं, एक डाळिंबी परातीबाहेर गेली ती उचलून धुतली आणि पुढची सोलायला घेतली. आमचा लाइटवाला पोरगा तालमीत कायम मोबाइलमध्ये असतो. त्याने मोबाइल खाली ठेवला.

चाळीस वर्षं डोळ्यांनी सिनेमे बघून हे मला कळलं नव्हतं.

जुना_पडदा

डाळिंब्यांबद्दल अभिनंदन. उसळ तरी झाली का?

हा गिल्डचा कार्यक्रम कुठे होतो ते तुम्ही सोयीने गाळलंत. गिल्डच्या सभासदांना सिनेमा दाखवतात, दिवे लागले की दिग्दर्शक मंचावर. समोर बसलेत ते मतदार! गिल्डचा पुरस्कार १९४८ पासून आहे आणि तो ज्याला मिळतो त्यालाच बहुतेक वेळा दिग्दर्शनाचं ऑस्कर. म्हणजे तुम्ही भरूचपर्यंत रोज ऐकता ती प्रचारसभा. प्रचारसभेत कोणी विचारतं का, की बाबा रे, मध्यंतरानंतर तुझा सिनेमा झोपला कसा? 'किती सुंदर', 'किती धाडसी', आणि टाळ्या.

हिचकॉकला दिग्दर्शनाची पाच नामांकनं, एकही ऑस्कर नाही. सिडनी लुमेटला चार, एकही नाही, शेवटी २००५ मध्ये मानाचं एक हातात दिलं. त्याच लुमेटने 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला, मग खाली खाली नेला, लेन्स लांब लांब पल्ल्याच्या लावत गेला, म्हणून ती खोली अंगावर येते. हे त्याने १९९५ च्या 'मेकिंग मूव्हीज'मध्ये लिहून ठेवलंय. पुस्तक वाचायला मोसम लागत नाही, पूलही आडवा येत नाही.

आणि सिनेमे कमी बघण्याबद्दल म्हणाल तर तुम्ही एकटे नाही. अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे सिनेमे बघितलेले असले पाहिजेत, असा नियम ऑस्कर देणाऱ्या अकादमीला २०२५ मध्ये करावा लागला. तोवर बहुतेक विभागांत न बघता मत चालत होतं. तुम्ही तिथे सहज खपला असतात.

सेवउसळ_तरी_ज्यादा

काका, 'बहुतेक वेळा' या दोन शब्दांतच तर सगळी मजा आहे. २०१३ ला गिल्डने बेन अ‍ॅफ्लेकला दिलं आणि ऑस्करला त्याचं दिग्दर्शनाचं नामांकनच नव्हतं, ते गेलं अँग लीला. २०२० ला गिल्डने सॅम मेंडिस म्हटलं, ऑस्कर बाँग जून-होला. मी महिनाभर पॉडकास्ट ऐकून बाँग म्हटलं होतं आणि ऑफिसात सहा प्लेट सेवउसळ जिंकलो. सट्टा म्हणा हवं तर. मला आवडतो. क्रिकेटचं समालोचन ऐकता तेव्हा कोणी येऊन 'आधी मैदानात जा' म्हणतं का?

बाकी त्या बाँगची पैज मारल्यावर मी त्याचे स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी काढलेली दृश्यांची चित्रं, शोधून बघितले. फ्रेम अन् फ्रेम स्वतः काढतो माणूस. पैज नसती तर मी तिकडे फिरकलोही नसतो.

टाइमलाइनवाली

तुम्ही तिघेही 'दिग्दर्शकाचं काम' म्हणताय ना, त्यातलं निम्मं एडिटरचं असतं, ते जरा बोला.

मी बडोद्यात मांजलपूरला लग्नाचे व्हिडिओ कापते, अकरा वर्षं. मागे एका लग्नात अंतरपाट दूर झाला आणि नेमका त्याच क्षणी शूटिंगवाला अक्षता डोळ्यात गेल्या म्हणून चोळत बसला. कॅमेरा खांबावर! मी दुसऱ्या कॅमेऱ्यात आजीचा हात शोधला. तिच्या मुठीत अक्षता तशाच राहिलेल्या, टाकायच्या विसरली होती. आवाज मंगलाष्टकांचा ठेवला, चित्र त्या मुठीचं, सात सेकंद. मुलीचे वडील बघून रडले आणि फोन कोणाला केला? शूटिंगवाल्याला. 'काय टिपलंत हो!'

स्कोर्सेसीचं दिग्दर्शनाचं ऑस्कर एक. त्याची एडिटर थेल्मा शूनमेकर, तिची तीन, तिन्ही त्याच्याच सिनेमांची. किती पॉडकास्टवर तिला बोलावतात आणि किती वेळा त्याला, मोजा. शॉन बेकरने २०२५ ला एका रात्रीत चार घेतली, त्यात एडिटिंगचंही होतं, कारण कापतो तोच. तो प्रामाणिक तरी म्हणायचा.

कोथरूडकर

धागा वाचनीय. पण 'अप-डाउन करतो'? मराठीत 'ये-जा' म्हणतात. बडोद्याच्या मंडळींचं लिहिलेलं वाचताना गुजरातीचं भाषांतर वाचल्यासारखं वाटतं, राग नसावा. आणि हॉलिवूडच्या गिल्डसाठी एवढी तळमळ, मराठी सिनेमा लागला की मात्र तुमच्याकडे थिएटर रिकामं.

सेवउसळ_तरी_ज्यादा

आले! 'राग नसावा' आलं की समजायचं, चिमटा बसला.

आमच्याकडे मराठी सिनेमा लागतो कधी, माहितीय? एक शो, सकाळी पावणेदहाला, तोही मंगळवारी. आईला घेऊन गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, दहा तिकिटं झाली तर लावू. आम्ही चार. बाहेर लारीवर उभे असलेले तीन कॉलेजचे गुजराती पोरगे पकडले, नास्ता माझा, तिकीट माझं, चला. उरलेली तीन तिकिटं रिकाम्या खुर्च्यांची काढली. त्यातला एक पोरगा शेवटी नाक पुसत होता. त्याला विचारा थिएटर रिकामं होतं का. आणि हो, 'लारी'च. हातगाडीवर सेवउसळ मिळत नाही, मिळाली तरी चव तशी लागायची नाही.

अपडाउन_बडोदा

'ये-जा' पाहुणे करतात, साहेब. पास काढून एकोणीस वर्षं जे करतात त्याला अप-डाउन म्हणतात. अख्खा डबा म्हणतो.

आणि भाषांतर कोणाचं कोण? तुम्ही ज्यांच्या नावाने छाती फुगवता ते दादासाहेब फाळके जे. जे. नंतर आमच्या कलाभवनात शिकले. चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले. प्राचार्य गज्जरांनी त्यांना तिथला स्टुडिओ वापरायला दिला. भारतीय सिनेमाचा कॅमेरा हाताळायला माणूस बडोद्यात शिकला. आता बोला.

कोथरूडकर

बोलतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा, सिनेमा मुंबईचा, ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तोही मुंबईत. बडोद्यात त्यांनी फोटोचं दुकान काढलं तेव्हा गावात अफवा उठली की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. शिकवलंत तुम्ही, पळवून लावलंतही तुम्हीच.

टाइमलाइनवाली

हे मात्र बरोबर आहे हो. (अफवा अजून पूर्ण गेलेली नाही. माझ्या मावशीसासूबाई फोटोत डोळे मिटतात.)

पण फाळक्यांचा सिनेमा कापायला हाताशी कोण असायचं? पत्नी, सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळं शिकल्या, युनिटचा स्वयंपाक करून. पुरस्कार कोणाच्या नावाचा?

कोथरूडकर

ताई, प्रत्येक गाडी तुमच्याच स्टेशनावर थांबते.

टाइमलाइनवाली

दुसरीकडे थांबत नाही म्हणून.

सेवउसळ_तरी_ज्यादा

आणि कोथरूडकर, तुमच्या माहितीसाठी, 'छेल्लो शो' २०२२ ला ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या पंधराच्या यादीपर्यंत गेला. गुजराती. त्याचा दिग्दर्शक पान नलिन आमच्या फाइन आर्ट्सला शिकलेला. यालाही अफवा उठवून पळवलं म्हणा.

कोथरूडकर

पुन्हा शिकलेलाच! तुम्ही लोक शाळा काढा आणि शाळेवरच खूश राहा. यापुढे या धाग्यावर मी नाही.

जुना_पडदा

विषय होता पॉडकास्टचा. तुम्ही फाळक्यांपर्यंत पोहोचलातच, तर आता माझंही ऐका.

२००४ ला 'श्वास' गेला ऑस्करला. तिकडे जाऊन सिनेमा मतदारांना दाखवायचा तर पैसे हवेत, ते निर्मात्यांकडे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली. मी तेव्हा रावपुऱ्यात बँकेत होतो. पार्ले-जीचा पत्र्याचा डबा घेऊन जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलाशी फिरलो. आमचा गुजराती कॅशियर म्हणाला, 'शेना माटे?' कशासाठी? मी सांगितलं, डोळ्यांचा कॅन्सर झालेला नातू, त्याला घेऊन शहरात आलेला आजोबा. त्याने न मोजता शंभरची नोट टाकली. साडेचौदाशे जमले. नामांकन आलं नाही. कॅशियर निवृत्त होईपर्यंत विचारायचा, 'पेला छोकराना पिक्चरनुं शुं थयुं?' त्या पोराच्या पिक्चरचं काय झालं?

पुढे २००९ ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', तुमच्या फाळक्यांवरचाच. २०१५ ला 'कोर्ट'. दोन्ही वेळा हात हलवत परत. आणि एक गोष्ट बघा: संदीप सावंत, परेश मोकाशी, चैतन्य ताम्हाणे, तिघांचाही तो पहिलाच सिनेमा. पहिल्याच सिनेमात माणूस एवढं कसं करतो, यावर मला चार तास ऐकायला आवडलं असतं. तुमच्या त्या इंग्रजी पॉडकास्टवाल्यांना नामांकनाच्या यादीबाहेर जग आहे हेच ठाऊक नसतं. यादी आली की पाचजणांचं कौतुक, बाकीचे मेले. म्हणून मला चीड येते. सट्टा हा शब्द मी सौम्य वापरला होता.

अपडाउन_बडोदा

काका, हे आधी लिहिलं असतंत तर मी धागा काढला नसता. यादीबाहेरच्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. प्रचारसभा आहे हेही मान्य, अर्धं. पण प्रचारसभेतही एखादा वक्ता चुकून खरं बोलतो. मला डाळिंबी तिथेच मिळाली.

एक करा. मी एक भाग पाठवतो, एकच. ऐका आणि मग शिव्या द्या. आवडलं नाही तर सेवउसळ माझ्याकडून.

सेवउसळ_तरी_ज्यादा

मी पण येणार. साक्षीदार म्हणून.

जुना_पडदा (तीन दिवसांनी)

ऐकला. सूनबाईंनी लावून दिला. त्रेचाळीस मिनिटं. पहिली वीस निव्वळ लोणी, एकमेकांना. मग त्या दिग्दर्शकाने सांगितलं की शेवटचा सीन त्याने लिहिलेला होता तसा घेतला, घरी गेला, झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत बोलावून संवाद काढून टाकले. निर्माता ओरडला. ते बरं होतं. तेवढी पाच मिनिटं मी पुन्हा ऐकली, हे तुम्हाला सांगायची इच्छा नव्हती.

उसळ माझ्याकडून. तरी ज्यादा वगैरे चालणार नाही, मला पित्त आहे.

टाइमलाइनवाली

काका, संवाद काढल्यावर तो सीन कापला कोणी? नाव घेतलं का?

जुना_पडदा

नाही घेतलं.