मदत हवी आहे: दोन आयआर मिसळले की टोन पोकळ होतो

मंडळी, हाय-गेन रिदमसाठी ४×१२ कॅबचे (चार १२ इंची स्पीकरच्या गिटार कॅबिनेटचे) दोन आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅब आणि माइकचा आवाज टिपलेल्या फाइल) मिसळायचे आहेत. दोन्हीत स्पीकर व्हिंटेज ३० च, पण पॅक वेगवेगळे. एकात एसएम५७ माइक डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या घुमटाच्या) कडेला, दुसऱ्यात आर१२१ रिबन माइक. सुटे ऐकले तर दोन्ही मस्त: ५७ ला धार, रिबनला भरीव तळ. एकत्र केले की मिड्स गायब, बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही.

सँपल रेट दोन्हींचा ४८ किलोहर्ट्झ आहे. एकाची पोलॅरिटी (तरंगाचं वर-खाली) उलटवली तर बेसही जातो, म्हणजे दोष तिथे नाही. ऑडिओ एडिटरमध्ये झूम करून पाहिलं तर रिबनचं पहिलं शिखर सुमारे २४ सँपल उशिरा येतं. हा झाला ०.५ मिलिसेकंद, आणि त्याने पहिली खाच (जिथे दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात) नेमकी १ किलोहर्ट्झला पडते, पुढची ३ ला. गिटारचा आवाज तिथेच तर असतो!

आता रिबनच्या सुरुवातीचे २४ सँपल हाताने कापावेत, की दोन्ही आयआर मिनिमम फेजमध्ये (ज्यात सुरुवातीचा उशीर आपोआप निघून जातो) बदलावेत? दुसरा मार्ग सोपा आहे, पण मूळ फेज त्यात पुसला जातो, आणि खोलीचा आवाज असलेल्या आयआरला तो मुळीच मानवत नाही. माझं आयआर वाजवणारं युनिट १०२४ सँपलनंतरचा भाग टाकून देतं, त्यामुळे सुरुवातीला शांतता जोडून ५७ ला मागे ढकलायचं नाही.

जुळवल्यावर ५७ आणि रिबन ७०:३० ठेवता की निम्मे-निम्मे? आणि ७ किलोहर्ट्झच्या आसपासचा हाय-कट (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) मिश्रणावर लावता की फक्त ५७ वर? तुलना करताना लेव्हल समान ठेवून ऐकलेलं असेल तर आवर्जून सांगा.