१८ मिमीचा पट्टा मागितला की २२ चा का दाखवता? नसेल तर सरळ 'नाही' म्हणा

पाऊलवाट (धागाकर्ती):

वडिलांच्या जुन्या घड्याळाचा पट्टा तुटला. पट्टा अडकवायच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने दोनदा मोजलं, १८ मिमी. मग ऑनलाइन दुकानाच्या शोधपेटीत लिहिलं, '१८ मिमी चामडी पट्टा तपकिरी'. पहिल्या ओळीत चार पट्टे आले. चारही २२ मिमीचे, त्यातले दोन रबरी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात करड्या, बारीक अक्षरांत 'प्रायोजित'. त्याखाली स्मार्टवॉचचे पट्टे, मग घड्याळं ठेवायची पेटी, आणि बरंच खाली गेल्यावर एक १८ मिमीचा, तोही काळा. वैतागून 'किंमत: कमी ते जास्त' लावलं, तर पट्टेच गायब! पिना आणि काच पुसायची फडकी वर आली.

२२ चा पट्टा १८ च्या फटीत बसतच नाही. रंगाचं मी जमवून घेईन, मापाचं कसं जमवणार? मी दिलेलं माप ही अट आहे, सूचना नव्हे. ती मोडायचीच असेल तर आधी सांगा, 'या मापात नाही, दुसऱ्या मापातलं दाखवू का?' मला न विचारता वेगळंच समोर ठेवणं म्हणजे माझा वेळ खाणं आहे.

पडद्यामागचा:

वैताग कळतो, पण 'नाही म्हणा' याला माझा विरोध आहे. मी काही वर्षं अशाच दुकानांच्या शोधावर काम केलंय. माणूस लिहितो एक आणि आनंदाने घेऊन जातो दुसरंच, हे रोज दिसतं. 'निळा' लिहिणारा आकाशी घेतो. शब्द न् शब्द जुळवत बसलं तर चालण्यासारख्या कितीतरी वस्तू लपून राहतात. नेमकेपणा (दाखवलेल्यातलं किती कामाचं) वाढवला की व्याप्ती (कामाचं होतं त्यातलं किती दाखवलं) घटते, हे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांच्या इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या प्रयोगांत १९६० च्या दशकातच दिसलं होतं, आणि तिथे तर शोध विमानशास्त्राच्या निबंधांमध्ये चालला होता. म्हणून सगळे शब्द जुळणारं पुरेसं सापडलं नाही की यंत्रणा एकेक शब्द सोडत जाते. रिकामं पान पाहून परत जाण्यापेक्षा गिऱ्हाइकाला काहीतरी दिसलेलं बरं.

फडक्यांचं कारण सांगतो. नेहमीच्या क्रमात दूरचं जुळणारं तळाशी दबलेलं असतं. किमतीचा क्रम लावला की ती उतरंड मोडते, आणि ज्याच्या वर्णनात 'घड्याळ' हा शब्द कुठेतरी आहे ते सगळं स्वस्त म्हणून वर येतं.

पाऊलवाट:

आकाशी आणि निळा मान्य. पण तुम्ही रंगाचं उदाहरण देऊन मापाचं समर्थन करताय. सोडायचाच होता तर 'तपकिरी' सोडायचा, '१८' का सोडला?

पडद्यामागचा:

इथे तुमची बाजू खरी आहे. हल्ली शब्दांचं रूपांतर आकड्यांच्या लांबलचक याद्यांत करतात आणि त्या याद्या ताडून अर्थाने जवळचं ते शोधतात. त्यात '१८ मिमी' आणि '२२ मिमी' अगदी शेजारी पडतात, दोन्ही पट्ट्याची मापंच ना. 'नसलेला', 'विना' हे शब्दही तिथे निसटतात. 'तार नसलेला' लिहा, तारेचा येऊ शकतो. मापासाठी वेगळी चाळणी लागतेच.

दिवेलागण:

+१. ई१४ दिवा शोधला, पानभर ई२७. हे आकडे म्हणजे आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये. २७ चा दिवा १४ च्या होल्डरमध्ये कुठल्या 'व्याप्ती'ने जाणार?

एकहाती दुकान:

मी पट्टेच विकतो, म्हणून लिहितो. मीही नावात 'स्त्री पुरुष मुले १८ २० २२ मिमी चामडे रबर भेटवस्तू' असं सगळं कोंबतो. चांगलं वाटत नाही, पण न कोंबणारा तळाला जातो. आणि 'प्रायोजित'वर एवढा राग नको. नव्या विक्रेत्याची वस्तू कुणी घेतलेली नसते, म्हणून ती वर येत नाही. वर येत नाही म्हणून कुणी घेत नाही. जाहिरात नसती तर माझे पट्टे कुणाच्या नजरेसच पडले नसते.

जुनी पानं:

नव्या विक्रेत्याची अडचण खरी आहे. पण शोधाच्या उत्तरातली जागा लिलावाने विकायची पद्धत गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने १९९८ मध्ये आणली, आणि त्याच वर्षी गूगलचे संस्थापक सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या निबंधात लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रं मुळातच जाहिरातदारांकडे झुकतील आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जातील. पुढे त्यांच्याच कंपनीने जाहिरातींवर डोलारा उभा केला, ते वेगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला, त्यातही शोधाच्या पानावर असंबद्ध जाहिराती भरल्याचा आरोप आहे. आरोपच आहे, पण एखाद्या सरकारी यंत्रणेला तो मांडावासा वाटला, म्हणजे ही एकट्यादुकट्याची कुरकुर नाही.

जाहिरात असू दे. पण पट्ट्याची असेल तर १८ ची दाखवा. २२ ची दाखवून विक्रेत्याचा तरी काय फायदा? क्लिकचे पैसे जातात आणि वस्तू परत येते.

एकहाती दुकान:

परत येते हे खरंच. मला आलेल्या परतीतले बरेच पट्टे 'बसत नाही' म्हणूनच आलेत.

पाऊलवाट:

दादा, मग एक विचारते, रागावू नका. वस्तू चढवताना 'पट्ट्याची रुंदी' असा वेगळा रकाना असतो ना? तो तुम्ही भरता का? कारण मी बाजूच्या चाळणीत १८ वर खूण केली तेव्हा जेमतेम सहा पट्टे उरले. दुकानात १८ चे सहाच असतील यावर माझा विश्वास नाही.

पडद्यामागचा:

रकाना रिकामा असेल तर चाळणीत ती वस्तू येतच नाही. नावात १८ लिहिलेलं असलं तरी. पण विक्रेत्याला तो रकाना सोडून पुढे जाऊच का देतात? तो सक्तीचा हवा, ही चूक आमच्या बाजूची.

एकहाती दुकान:

आत्ता उघडून पाहिलं. ६४ पट्टे आहेत माझे, रुंदी भरलेली फक्त ११ ची. बाकीच्यांची नावातच कोंबली होती. आज रात्री भरायला बसतो. ताई, १८ मध्ये तपकिरी चामडी दोन आहेत माझ्याकडे, एक गुळगुळीत आणि एक शिवण दिसणारा. आधी त्या दोघांची रुंदी भरतो, मग तीच चाळणी लावून दिसतात का ते इथे सांगा.