'प्रायोजित' म्हणजे सरकारी? पैसे देऊन केलेल्या रीलवर मराठीत काय लिहावं?

वावरवाट
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमचा बचत गट जवसाची चटणी आणि मूगवड्या करून विकतो. मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एका मुलाकडून रील करून घेतली. त्याला दीड हजार रुपये आणि दोन किलो चटणी दिली. रील पैसे देऊन केली आहे हे तिच्यावर लिहावं लागतं, आणि आम्हा बायकांनाही ते लपवायचं नव्हतं. सगळीकडे 'प्रायोजित' दिसलं, म्हणून तेच टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन. "ही चटणी कोणत्या योजनेतली?" "अनुदान किती भेटते?" एका बाईंनी फॉर्म कुठे मिळतो तेही विचारलं. आमच्या गटाच्या मावशी म्हणाल्या, "प्रायोजित म्हणजे योजनेतून आलेलंच ना वं?" मावशी चुकल्या असं मला म्हणवत नाही. मग 'पुरस्कृत' लिहून पाहिलं, तर निम्म्या लोकांना वाटलं चटणीला बक्षीस मिळालं. बाकीच्यांना 'केंद्र पुरस्कृत योजना' आठवली, कारण ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेली असते.

पैसे दिले-घेतले आहेत हे एका दमात सांगणारा, मावशींना कळणारा आणि रील करणाऱ्या मुलाला शिवी न वाटणारा मराठी शब्द आहे का?

अमरकोशवाचक
ताई, शब्द बरोबरच आहे. 'प्र + आ + युज्' वरून प्रायोजन, त्यावरून प्रायोजक आणि प्रायोजित. 'योजना' त्याच धातूची, म्हणून मावशींना सारखं वाटलं. दूरदर्शनच्या काळापासून 'या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत' आपण ऐकत आलो. लोकांना अर्थ कळला नाही तर तो समजवावा, शब्द टाकू नये. इन्फ्लुएन्सरलाही 'प्रभावक' म्हणावं. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना पर्याय दिले गेले, तेव्हाही ते शब्द लोकांना नवेच होते.

पऱ्हाटी
अमरकोश दादा, राग मानू नका, पन मावशी बराबर हाये. कोशात काय हाय त्याच्यापेक्षा बाजारात लोकायले काय समजते थे पाहा. आमच्या दारव्ह्याकडं रील करनाऱ्या पोट्ट्याले कोनी प्रभावक म्हनत नाई न इन्फ्लुएन्सरबी म्हनत नाई. 'रीलवाला' म्हनते. 'त्याले पैशे भेटले' एवढं बोललं का बुढ्या मानसालेबी समजते. तेच लिवा.

अनुवादिका
मी वर्ध्याला अनुवादाची कामं करते. हा खड्डा मला रोज लागतो, कारण इंग्रजीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत आपण त्या एकाच टोपलीत टाकतो. स्पॉन्सर पैसे देतो. एन्डॉर्स करणारा आपलं नाव आणि चेहरा देतो. ॲम्बेसेडर वर्षभर मिरवतो. तिसऱ्याला आपल्या वर्तमानपत्रांनी 'सदिच्छादूत' करून टाकलं. करार करून मानधन घेणाऱ्या नटाला सदिच्छादूत म्हटलं की त्याच्या सदिच्छेचा दाम कुठे दिसतच नाही. मला हा शब्द 'प्रायोजित'पेक्षा जास्त खोटा वाटतो.

थोडं विषयांतर: इन्फ्लुएन्स आणि इन्फ्लुएन्झा ही एकाच घरची भावंडं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'आत वाहणे'. आकाशातल्या ताऱ्यांकडून काहीतरी वाहत येतं आणि माणसांना बाधतं अशी जुनी समजूत होती. इटलीत साथीच्या तापाला तेच नाव पडलं. मला 'प्रभावक' पचत नाही तो यामुळेच. 'प्रभाव' आपल्याकडे संतांचा, तपाचा, औषधाचा असतो. त्यात मोठेपणा आहे.

निवृत्त गुरुजी, वाशिम
इतके शब्द शोधता, पण हातातला शब्द कोणी पाहिला नाही. 'जाहिरात'. अरबी 'जाहिर' म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. त्यावरून जाहीर, जाहीरनामा, जाहिरात. अर्थ नावातच आहे. मित्रानं सहज सांगावं तसं भासवून जे दाखवतात ते 'जाहिर' नाही, म्हणून ती जाहिरातही नाही. ताई, रीलवर मोठ्या अक्षरात 'जाहिरात' लिहा आणि मोकळ्या व्हा. आमच्या लहानपणी कोतवाल दवंडी द्यायचा. तो कोणाच्या वतीनं बोलतोय हे डफड्याच्या पहिल्या थापेलाच कळायचं.

तुरीच्या शेंगा
गुरुजी, आमच्या मेहकरकडे 'डौंडी' म्हणत. दवंडी मी शाळेच्या पुस्तकातच वाचली.

निवृत्त गुरुजी, वाशिम
डौंडी हे हिंदी 'डोंडी'चं रूप असावं. आपला पट्टा हिंदीला लागून आहे.

तुरीच्या शेंगा
मेहकर कुठे हिंदीला लागून आहे गुरुजी? माझी आजी हिंदीचा एक शब्द बोलत नव्हती आणि डौंडीच म्हणायची.

ग्राहकमित्र
मी अमरावतीला वकिली करतो, ग्राहक आयोगाची कामं पाहतो. ताईंच्या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे ती सांगतो. जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे आस्कीनं, २०२१ साली समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. पोस्ट जाहिरात असेल तर तसा शिक्का हवा. तो इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत, साध्या ग्राहकाला कळेल असा. म्हणजे 'प्रायोजित'चा अर्थ तुमच्या गिऱ्हाइकांना योजना असा लागत असेल, तर तो शिक्का आपलं काम करत नाही. अमरकोशवाचक, इथे समजवायची जबाबदारी शब्दावर आहे, वाचणाऱ्यावर नाही.

पुढचं याहून महत्त्वाचं. नुसते पैसे नाही, फुकट वस्तू, सवलत, सहल, नातं, हे सगळं उघड करायचं असतं. त्यामुळे 'सशुल्क' हा शब्दही अपुरा पडतो. उद्या तुम्ही पैसे न देता फक्त दोन किलो चटणी दिली, तरी सांगावंच लागेल. या सगळ्याला मराठीत 'हितसंबंध' आहे, पण तो रीलवर लिहिला तर भांडणाची केस वाटेल.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला तसाच नाव देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय नाव देणाऱ्याला एक वर्षापर्यंत जाहिरात करायला बंदी होऊ शकते, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत.

पऱ्हाटी
वकील सायेब, फुकटच्या वस्तूवरून आठवलं. मी सातवीत होतो. आमच्या घराची भिंत बस थांब्यासमोर. मे महिन्यात बियान्याच्या एका कंपनीचा पेंटर आला. म्हने, पुरी भिंत रंगवून देतो, फकत कपाशीच्या वानाचं नाव लिवू द्या. बाबानं हो म्हटलं. पैशे घेतले नाई, रंग फुकट भेटला. जूनमधी लोकं घरी येऊन इचारे, "बापू, तुमी हेच वान लावता काय?" बाबा दुसरंच वान लावे. थे सांगे का भिंत माई हाय, लिवलेलं कंपनीचं हाय. तरी चार घरच्याईनं भिंत पाहून थेच बी नेलं. त्या साली त्याईची पऱ्हाटी साधली नाई. त्यातल्या एका घरानं बाबाशी बोलनं टाकलं, थे बाबा जाएपर्यंत.

आता सांगा, बाबाले कोनता शब्द लावता? प्रायोजित? प्रभावक? बाबानं तर तोंडानं काहीच म्हटलं नव्हतं.

तुरीच्या शेंगा
पऱ्हाटी भाऊ, वाचून कसंतरी झालं. आमच्या घरचंही असंच आहे. माझ्या काकांचा फोटो एका बियाणे कंपनीच्या पोस्टरवर होता. डोक्याला फेटा, हातात बोंडं, खाली 'प्रगतशील शेतकरी' आणि एकरी उतारा. उतारा खरा होता, पण ते वावर विहिरीखालचं आणि काळ्या कसदार जमिनीचं. नेमकं हेच पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं. कोरडवाहूवाल्यांनी तो आकडा पाहून पेरलं. 'प्रगतशील शेतकरी' हाही शब्द मला तेव्हापासून टोचतो. काकांना तो मान वाटायचा. कंपनीच्या लेखी तो जाहिरातीतला एक चेहरा होता.

अनुवादिका
तुमच्या दोघांच्या गोष्टींनी मला माझंच वाक्य बदलावंसं वाटतं. मी नामांवर भांडत होते, पण फसवणूक क्रियापदात होते. लक्सच्या जाहिरातीत १९४१ साली लीला चिटणीस आल्या, त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या पहिल्या भारतीय तारका. तेव्हापासून आजपर्यंत वाक्य एकच असतं: अमकी तारका हा साबण 'वापरते'. कपिल देव, सचिन तेंडुलकर बूस्टच्या जाहिरातीत दिसले तेव्हाही आम्ही मुलं ते 'पितात' असंच धरून चाललो होतो. आईनं त्यासाठी दुधाचे पैसे वाचवले होते. 'वापरते', 'लावते', 'पितो', 'पेरतो' ही क्रियापदं ज्ञानेंद्रियांची साक्ष आहेत. 'सांगते' एवढंच म्हटलं तर माल कितीसा विकला जाईल?

ग्राहकमित्र
अगदी बरोबर, ताई. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: नाव देणाऱ्याचं मत खरं आणि सध्याचं असावं, आणि त्याला त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा. म्हणजे न पेरता 'पेरतो' म्हणता येत नाही.

निवृत्त गुरुजी, वाशिम
मग मी एक शब्द ठेवतो, रागावू नका. 'दलाल'. अरबीत याचा मूळ अर्थ वाट दाखवणारा. गिऱ्हाइकाला माल दाखवणारा तो दलाल. त्याला दलाली मिळते हे सगळ्यांना आधीच माहीत, त्यात लपवाछपवी नाही. रील करणारा मुलगा दुसरं काय करतो?

वावरवाट
गुरुजी, आदर ठेवून सांगते, हा शब्द मी त्या मुलाच्या नावापुढे लावू शकत नाही. आमच्याकडे पोरगी द्यायची चर्चा असली आणि 'मुलगा दलाली करतो' म्हटलं तर बैठक मोडते. मूळ अर्थ चांगला असेल, पण शब्द आता कुठून कुठे गेलाय ते आम्हा बायकांना जास्त कळतं.

एक सांगायचं राहिलं. पऱ्हाटी दादांचं ऐकून मी 'पैसे आणि चटणी देऊन करून घेतलेली जाहिरात' असं लिहिलं. मावशींना लगेच कळलं. फोनवर अनुदान कोणी विचारत नाही. पण त्या मुलाचा फोन आला: "ताई, तेवढं काढा, माझी रील कोणी पाहत नाही आता." त्याचं त्यावर घर चालतं, वडील नाहीत. मी अजून काढलेलं नाही. त्याला मान्य होईल आणि मावशींना कळेल असं काही सुचत असेल तर कृपया सांगा.

अमरकोशवाचक
'सशुल्क प्रसिद्धी' चालेल का? यात शिवी नाही.

पऱ्हाटी
दादा, मावशी शुल्क म्हनजे शाळेची फी समजतीन. पन गुरुजी, दलालाचं एक चुकलं तुमचं. दलालीबी लपूनच चाले. बैलबाजारात पाह्यलं नाई का, भाव दुपट्ट्याखाली बोटं धरून ठरे. बाजूच्याले पत्ता नसे.

निवृत्त गुरुजी, वाशिम
हो, ते खरं. त्याला करपल्लवी म्हणतात. आणि तोंडी आकड्यांसाठी व्यापाऱ्यांची नंदभाषा वेगळी. केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन. माझे आजोबा बैलबाजारात शिकले होते.

तुरीच्या शेंगा
गुरुजी, बोटं रुमालाखाली धरत, दुपट्ट्याखाली नाही, निदान आमच्याकडच्या बाजारात. आणि आजोबांकडून तीन-चार-पाचचे शब्द कोणाला आठवतात का? माझ्या आजीला 'मुळू' एवढाच आठवतो, पण तो कितीसाठी ते ती सांगू शकत नाही.