आबाजींची डॉज किंग्जवे घरीच उभी करायची हाय, जाम इंजिन सोडवू का डिझेल बसवू?

कास्तकार_दारव्हा
नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राह्यलो. आमच्या घरी आबाजींची डॉज किंग्जवे हाय, १९५० च्या दशकातली, प्रीमियरनं कुर्ल्याच्या कारखान्यात जोडलेली. कापसाच्या एका शेटकडून सेकंडहँड घेतली होती, तवा असल्या अमेरिकन गाड्या जिनिंगवाले नाहीतर मालगुजार यायच्याकडंच असायच्या. आबाजी गेले तेव्हापासून टिनाच्या शेडमंदी उभी हाय, टपावर ढेपेची पोती, सीटं उंदरांनी कोरून टाकली, पण समोरची जाळी, बंपर, डॅशबोर्डावरचे मीटर सगळं जागच्या जागी हाय, एक काच सुद्धा फुटली नाही.

इंजिन जाम हाय, हँडल मारलं तर जागचं हालत नाही. ब्रेकचा पॅडल डायरेक्ट खाली जाते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला. उजव्या बाजूची चाकं निघाली पण डाव्या बाजूचे बोल्ट खुलतच नाहीत, मेकॅनिकच्या पोऱ्यानं पाइप लावून जोर लावला तर एक बोल्ट मुंडक्यातून तुटला. तालुक्याचा मेकॅनिक म्हणते की इंजिन भंगारात टाका, भंगारातल्या बोलेरोचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो. पेंटरवाला म्हणते पहिले कलर करून घ्या, मग बाकीचं पाहू. मुंबई-पुण्याले गाडी पाठवाची ऐपत नाही, जे कराचं ते घरीच, शेतीची कामं सांभाळून. आईचं एकच म्हणणं हाय की गाडी विकाची नाही. मले ती चालती कराची हाय आणि जमलं तर जशी होती तशीच. सुरुवात कुठून करू?

लेथवाला_मोर्शी
भाऊ, पहिले डाव्या बाजूच्या चाकाले हात लावणं थांबवा. त्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांले हे असंच होतं, डॉज असो, प्लायमाउथ असो का डिसोटो. उजवीकडचे नेहमीसारखे खुलतात, डावीकडचे खोलाले घड्याळाच्या काट्यासारखा पाना फिरवा लागते. तुमचा पोरगा खोलून नोता राह्यला, कसून राह्यला होता. बोल्टच्या मुंडक्यावर एल कोरलेला दिसन, घासून पाहा. बाकीच्या बोल्टांवर गंज सोडवाचं ऑइल मारून रातभर ठेवा आणि घड्याळाच्या काट्यासारखे फिरवा, येतीन. तुटलेला नंतर ड्रिल मारून काढू, त्याचं एवढं काही नाही.

आता इंजिन. ते भंगारात टाकाच्या लायक हाय का नाही हे खोलल्याबिगर कोणीच सांगू शकत नाही, आणि माह्या मतानं नसन. हे फ्लॅटहेड सहा सिलिंडर इंजिन हाय, साडेतीन लिटरच्या आसपास, वॉल्व हेडमंदी नाहीत, ब्लॉकच्या साइडले असतात, हेड म्हणजे नुसतं बिडाचं जाड झाकण. असं इंजिन उभं राह्यलं की बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात, रिंगा सिलिंडरले गंजून चिकटतात नाहीतर वॉल्व गाइडमंदी अडकतात. प्लग वरूनच उभे हायेत, सहाही काढा, अर्धं एटीएफ म्हणजे पॉवर स्टिअरिंगमंदी टाकतात ते लाल ऑइल आणि अर्धं अ‍ॅसिटोन असं मिसळून प्रत्येक भोकात ओता. ते काम उघड्यावर करा, जवळ बिडी-आगपेटी नको. आठवडाभर रोज थोडं थोडं टाकत राहा. मग पुढच्या पुलीच्या नटले लांब पाना लावून हलक्या हातानं मागं-पुढं, नुसतं पुढंच ढकलू नका. अर्धा इंच जरी हाललं तरी काम झालं समजा. आणि एक हात जोडून सांगतो, गिअरमंदी टाकून ट्रॅक्टरनं ओढू नका, आपल्याकडं सगळे पहिले तेच करतात, त्यानं रिंगा तुटतात, रॉड वाकते, आणि मग खरंच भंगार होते.

मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या बाजूले पत्र्याची दोन झाकणं हायेत, ती काढली की वॉल्वच्या स्प्रिंगा दिसतात. कोणता वॉल्व वरच्या वर अडकला ते डोळ्यांनीच कळते. चालू कराच्या आधी खालचा संप, म्हणजे ऑइलचं भांडं, पण काढा, तळाशी चिखलासारखा गाळ बसेल असते, तो नव्या ऑइलमंदी विरघळून ऑइल पंपाच्या जाळीत गेला तर बेरिंगा गेल्या.

पुसद_डिझेल
मी वेगळं सांगतो, राग नका मानू. आमच्याकडं असल्या दोन गाड्या होत्या आणि दोन्हीत पर्किन्स डिझेल बसवलं होतं. त्या काळी टॅक्सीवाले, भाड्यानं चालवणारे सगळे तेच करत. पेट्रोलमंदी ही गाडी ॲव्हरेज देत नाही, सामान भेटत नाही, तालुक्यात कोणाले कार्बोरेटर समजत नाही आता. गाडी घरच्यांले वापराले पाह्यजे ना? लग्नाले, यात्रेले जाता आलं पाह्यजे. बोलेरोचं इंजिन तर गल्लोगल्ली दुरुस्त होते. शेडमंदी ओरिजिनल मरण्यापेक्षा रस्त्यावर डिझेलमंदी जगलेली बरी, असं माझं मत हाय.

लेथवाला_मोर्शी
पुसद भाऊ, भाड्यानं चालवणाऱ्याचं गणित बरोबर होतं, त्याले पोट भराचं होतं. हे तसं नाही. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांले नसते, गिअरबॉक्सच्या शेपटाले एक ड्रम असते, त्याले असते. बोलेरोचा गिअरबॉक्स टाकला की तो हँडब्रेक गेला. मग मागच्या एक्सलमंदी जुगाड करा. मग स्टिअरिंगवरचा गिअर जाते, मग फ्लोअर कापा. एकातून एक काम निघत जाते आणि शेवटी डॉजचं फक्त टप राहते.

वर्धा_३२
दारव्हावाले दादा, कागदाची बाजू मी सांगतो, कारण इंजिनाचा निर्णय घेण्याआधी ती माहीत असलीच पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे बोलेरोचं इंजिन बसवलं की तुम्ही तो रस्ता स्वतःहून बंद केला. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढं पुन्हा नोंदणीला ५,०००, आणि मुदत १० वर्षांची. नवीन नंबर घेतला तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आबाजींच्या हातचा नंबर सोडू नका असं मी तरी म्हणेन.

फक्त हे लक्षात घ्या की व्हिंटेज नोंदणीवर रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी गाडी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला नेणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच. त्यामुळे पुसदवाल्या भाऊंचा लग्नाला-यात्रेला न्यायचा मुद्दा खरा आहे, तो विचार घरात बसून आधी करा.

आणि त्याच्याही आधी आरसी तुमच्या नावावर यायला पाहिजे. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद, काका-आत्या असतील तर त्यांची संमती आत्ताच लेखी घ्या, गाडी चकाचक झाल्यावर घ्यायला गेलात तर अवघड जातं. आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते आजच घासून पाहा, रंगाखाली दबलेला असतो.

कास्तकार_दारव्हा
सगळ्यांचे खूप आभार. लेथवाले काका, तुम्ही म्हटलं तसं उलटं फिरवलं आणि डावीकडचे बोल्ट हातासरशी आले, मेकॅनिक स्वतः चकित झाला. एल पण दिसला. इंजिनात ऑइल टाकून ठेवलं होतं, परवा पुलीवर पाना लावला तर थोडं मागं गेलं, थोडं पुढं, आणि आता पूर्ण फेरा घेऊन राह्यलं. साइडची झाकणं काढली, पाचव्या नंबरचा एक वॉल्व वरच अडकून हाय, बाकीचे खाली-वर होतात. डिझेलचा विषय घरात संपला, आई लय खूश हाय. आरसी पेटीत सापडली, नंबर जुळते.

आता पुढचं विचारतो. बाबा सांगतात की शेवटी शेवटी गाडी लय गरम व्हायची, यवतमाळले जाताना दोनदा थांबा लागे, रेडिएटर बदलला तरी फरक पडला नोता. आणि फ्लोअरचा पत्रा गावातल्या कूलर बनवणाऱ्याकडून करून घेऊ का? त्याचा हात लय साफ हाय.

लेथवाला_मोर्शी
वा! अडकलेल्या वॉल्वच्या दांडीवर वरून-खालून ऑइल मारत राहा, लाकडाच्या ठोकळ्यावरून हळू ठोका, येईन खाली.

गरम व्हायचं कारण मले जवळपास दिसून राह्यलं. या इंजिनात वॉटर पंपाच्या मागं ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची पट्टीसारखी नळी असते, पुढून मागपर्यंत, तिले भोकं असतात, त्यातून पाणी बरोबर वॉल्वच्या सीटांवर जाते. आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं ती आतल्या आत सडते. मग पंपाचं पाणी पुढंच घुटमळते आणि मागचे पाचवा-सहावा सिलिंडर भाजतात. तुमचा पाचव्याचाच वॉल्व अडकला म्हणता, ते उगीच नसन. रेडिएटर काढा, पंप काढा, भोकात टॉर्च मारून पाहा. चांगली असन तर सरळ ओढली की येते, नाहीतर तारेचा आकडा करून तुकडे तुकडे ओढा लागतात, वेळ द्या, ब्लॉकमंदी तुकडा राहू देऊ नका. नवी पितळी पत्र्याची बनवून घेता येते, पण जुनीच्या भोकांचं माप आणि जागा उतरवून ठेवल्याबिगर जुनी फेकू नका. ब्लॉकच्या साइडचे वेल्श प्लग, म्हणजे पाण्याच्या भोकांवरची गोल पत्र्याची झाकणं, ठोकून काढले की मागच्या कोपऱ्यातला गाळ दिसन, वाळू-गंजाचा नुसता खच असते, खिळ्यानं उकरा आणि पाइपानं धुवा. त्यानंतर बोअरचं पाणी बंद, डिस्टिल्ड आणि कूलंट.

हेड काढाचं झालं तर गॅस्केट मागवाच्या आधी हेडची लांबी टेपनं मोजा. अमेरिकेतल्या डॉज-प्लायमाउथचं हेड साडेतेवीस इंचाच्या आसपास असते आणि कॅनडातल्या ब्लॉकचं २५ इंचाचं, आणि आपल्याकडच्या गाड्यांत कोणतं असन हे आधी सांगता येत नाही. गॅस्केट एकमेकांले लागत नाही. प्लायमाउथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट या आपल्या इथं जोडलेल्या गाड्या म्हणजे नाव बदललेली हीच गाडी, तर त्यांचं सामान कोणी विकत असन तर बेधडक घ्या.

कूलरवाल्याकडून पत्रा जरूर करून घ्या, त्याच्याइतका पत्रा वळवणारा हात शहरात भेटणार नाही. फक्त त्याच्याजवळचा जीआय पत्रा नको, त्यावर जस्त असते, वेल्डिंग केलं की त्याचा धूर छातीत जाते आणि जोडही नीट बसत नाही. १८ गेजचा सीआरसी, म्हणजे बिनजस्ताचा साधा पत्रा आणून द्या. आणि जुना पत्रा कापाच्या आधी दरवाजे बंद करून फटी पाहून घ्या, फ्लोअर कापलं की बॉडी बसते आणि मग दार लागत नाही.

अकोट_वायरमन
वायरिंगचं थोडं. ही गाडी ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ हाय, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीले. कोणी सवयीनं मायनस बॉडीले लावन तर अँपमीटर उलटा दाखवते आणि डायनॅमोची वाट लागते. दुसरं, ६ व्होल्टले करंट डबल लागते, म्हणून आजच्या कारची बारीक बॅटरी केबल चालत नाही, सेल्फ कण्हत फिरते आणि लोक म्हणतात सेल्फ खराब. वेल्डिंग मशीनची जाड केबल कापून लग्ज मारा आणि बॉडीचा जोड पांढरा दिसेपर्यंत घासा. १२ व्होल्ट कराची काही गरज नाही. जुनी कापडी वायर उंदरांनी खाल्ली असनच, ती पूर्ण बदला, अर्धी नको. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमंदी ठिणगी पडाचा क्रम, १-५-३-६-२-४, वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

बल्लारपूर_ताई
माझे बाबा फार्गो ट्रकवर मेकॅनिक होते, आता हातात जोर नाही म्हणून ते सांगतात आणि मी करते. बाबांनी सांगायला लावलं ते लिहिते. इंजिन चालू झालं की गाडी लगेच अंगणाबाहेर काढायचा मोह होतो, ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय काढू नका. या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे, कुठंही सिलिंडरमधला एक रबरी कप गळला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसवर आहे, आणि पुढच्या प्रत्येक चाकात दोन-दोन छोटे सिलिंडर आहेत. आतून खड्डे पडलेले असले तर नुसते नवीन रबर टाकून उपयोग नाही, लेथवर पितळी स्लीव्ह बसवून घ्या. रबरी कप गाडीच्या नावानं मागितले तर दुकानदार नाही म्हणतो, इंचाचं माप सांगितलं तर काढून देतो. लोखंडी पाइप सगळे नवे, होज पण.

मागचे ड्रम ही सगळ्यात त्रासाची गोष्ट. एक्सलचं टोक निमुळतं आहे आणि ड्रम त्यावर घट्ट रुतून बसतो, चाकाच्या बोल्टांना धरणारा जाड पुलरच लागतो, दोन पायांचा साधा पुलर ड्रमची कड तोडतो. लेथवाल्याकडून जाड प्लेटचा करून घ्या. एक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा, कारण ड्रम सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो. पुलर ताणून रात्रभर राहू द्या. एक्सलच्या टोकावर घण मारू नका, आतल्या बेरिंगा जातात.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या गाडीतल्या जुन्या पंपातलं रबर त्यानं फुगतं, तर डायफ्राम आणि रबरी पाइप इथेनॉल सोसणारेच घ्या. टाकी आतून गंजली असेल तर काढून खडी टाकून हलवून धुवा, पण तिला वेल्डिंग लावू देऊ नका, रिकाम्या टाकीतही वाफ असते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जातो, तेव्हा पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर तो दूर घ्या नाहीतर आत वाफ धरून गाडी भर रस्त्यात बंद पडते. पेंटरला सांगा, तुझा नंबर शेवटी. ड्रम निघाले की आतले फोटो टाका, बाबा पाहून सांगतील शू चालतील की नवीन लायनर चिकटवावे लागतील.