५ जूनचं काय करायचं? : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०१ (सचिव):
नमस्कार मंडळी. कमिटीच्या बैठकीत जागतिक पर्यावरण दिनाचा विषय निघाला. नेहमीप्रमाणे रोपं, बॅनर आणि मुलांची चित्रकला स्पर्धा असं जवळपास ठरतच होतं. पण आपल्या इमारतींत बरेच शिक्षक राहतात, त्यांना विचारल्याशिवाय नको म्हटलं. शिक्षकांसाठी आणि आपल्यासारख्या रहिवाशांसाठी या विषयात शिकण्यासारखं नेमकं काय काय असतं, कुणी सांगेल का?

बी-३०४ (शिक्षिका):
साहेब, विचारलंत ते फार बरं केलंत. जरा सविस्तर लिहिते.
५ जून हा दिवस १९७३ पासून पाळला जातो. पुढे १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तबिलिसीला युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मिळून एक परिषद घेतली. पर्यावरण शिक्षणावर सरकारांच्या पातळीवर झालेली ती जगातली पहिली परिषद. तिथे या शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरली : जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग. आपले बहुतेक कार्यक्रम जाणिवेपाशीच थांबतात. बॅनर लागतो, घोषणा होतात, फोटो निघतो. मुलाला काही मोजता आलं का, ओळखता आलं का, कुठल्या निर्णयात त्याचा हात लागला का, हे कुणी विचारत नाही.
म्हणून माझं मत असं की, ज्यात आपण काहीतरी नीट बघतो, लिहून ठेवतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच बघतो, असाच उपक्रम घ्यावा. असे उपक्रम जगभर चालतात, बहुतेक विनामूल्य आहेत, आणि त्यांत शिक्षक व शेजारी एकत्र भाग घेऊ शकतात. एकच उदाहरण देते. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' म्हणजे पक्ष्यांची जागतिक मोजणी. १९९८ मध्ये सुरू झाली, २०१३ पासून ती साऱ्या जगासाठी खुली आहे. फेब्रुवारीत चार दिवस असते. कुठल्याही एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसतील आणि ऐकू येतील ते सगळे पक्षी मोजायचे आणि 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. गॅलरीतूनही चालतं.

सी-२०२:
ताई, मला तर कावळा, चिमणी आणि कबूतर सोडून एकही पक्षी ओळखता येत नाही. माझा काय उपयोग?

बी-३०४ (शिक्षिका):
खूप उपयोग आहे, काका. या तिघांची आकड्यांसकट खरी नोंद बरेच जण करतच नाहीत, कारण नेहमीचे पक्षी लिहिण्यासारखे वाटत नाहीत. अभ्यासकांना मात्र पूर्ण यादी हवी असते. आज किती कावळे आहेत हे कुणी लिहिलंच नाही, तर दहा वर्षांनी ते कमी झाले की वाढले हे कशावरून कळणार? बाकीचे पक्षी हळूहळू कळतात. 'मर्लिन' नावाचं अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. त्याचं नाव लगेच खरं धरायचं नाही, पक्षी डोळ्यांनी बघून खात्री करायची, एवढं पथ्य पाळायचं.

डी-४०१:
मीही शिक्षक आहे, माध्यमिकला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रशिक्षण म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो प्रमाणपत्र मिळणार का, हा. त्यात गैर काही नाही, सेवानोंदीला ते लागतं. बाहेर चाललेल्यांपैकी प्रमाणपत्रासकट काय मिळतं?

बी-३०४ (शिक्षिका):
सर, दोन गोष्टी खात्रीने सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन सीसी:लर्न' या मंचावर हवामानबदलावरचे अभ्यासक्रम आहेत. विनामूल्य, आपल्या सवडीने करायचे, शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र. दुसरा म्हणजे 'ग्लोब' कार्यक्रम. नासाच्या पाठबळावर १९९५ पासून चालतो आणि १२० हून अधिक देश त्यात आहेत. त्यात शिक्षकांना ढग, हवेचं तापमान, माती, पाणी यांचं निरीक्षण कसं करायचं याची ठरलेली पद्धत शिकवतात. ऑनलाइन प्रशिक्षणही आहे. ढगांचा भाग मला सगळ्यात आवडतो. उपग्रह वरून जाण्याच्या सुमाराला मुलांनी खालून ढगांचे प्रकार आणि आकाश किती भरलंय ते नोंदवायचं. मग उपग्रहाला वरून काय दिसलं ते ताडून पाहता येतं. एखादा पातळ ढग उपग्रहाच्या नजरेतून सुटतो आणि खाली उभ्या मुलीला दिसतो. आपली वही खऱ्या शास्त्राच्या कामी येते हे त्या मुलीला कळतं, तो क्षण वर्गात बसून आणता येत नाही.
पण सर, ऑनलाइन अभ्यासक्रमाने माहिती मिळते, सवय लागत नाही. मी एका कार्यशाळेला गेले होते, विषय होता 'निसर्ग आणि शाळा'. दिवसभर बंद सभागृहात स्लाइड. खिडकीबाहेर भलंमोठं झाड होतं, त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. तेव्हापासून नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना विचारते : यातला किती वेळ उघड्यावर आहे? मी शिकवायच्या इयत्तेला लावता येईल असं काही हातात देणार का? आणि महिन्याभराने अडलं तर विचारायला कुणी असेल का? पहिल्याच प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर मी जात नाही.

डी-४०१:
तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आमच्याकडची प्रशिक्षणं त्याच टप्प्यावर विरतात. एकटा शिक्षक उत्साहाने सुरू करतो आणि परीक्षा आल्या की वही कपाटात जाते.

बी-३०४ (शिक्षिका):
अगदी खरं. म्हणूनच सोसायटी हवी. शाळेला सुट्टी असते, परीक्षा असतात. इमारत बाराही महिने जागी असते.

ए-५०३ (काका):
मग माझं नाव लिहा. निवृत्त माणूस आहे, रोज ठरल्या वेळी गच्चीवर जाईन. पाऊस मोजू. सरळ भिंतींचं, सपाट तळाचं भांडं आणि पट्टी, एवढंच लागतं. खाली निमुळती होणारी बाटली घेतली तर माप चुकतं. भिंतीच्या किंवा टाकीच्या आडोशाला ठेवलं तरी चुकतं. रोज एकाच वेळी वाचायचं आणि भांडं रिकामं करायचं. मुलांसाठी यात सुंदर गणित आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. ४०० चौरस मीटरची गच्ची असेल आणि २५ मिलिमीटर पडला, तर १०,००० लिटर. ही संख्या मुलांनी स्वतः काढली की पाऊसपाणी साठवणीवर आपल्याला वेगळं भाषण करावं लागणार नाही.

ए-१०१ (सचिव):
काका, हा हिशेब मला कमिटीच्या बैठकीतही हवा आहे.

सी-६०१:
माझा प्रश्न थोडा वेगळा. अशा उपक्रमांत मुलं झाडांचे, किड्यांचे फोटो काढून 'आयनॅचरलिस्ट'सारख्या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकणार, त्यात तारीख आणि जागा येणार. म्हणजे माझी मुलगी कुठे राहते, कधी कुठे असते हे जगाला दिसणार. मला हे नको आहे.

बी-३०४ (शिक्षिका):
ताई, हा प्रश्न आलाच पाहिजे, मी आधी लिहायला हवं होतं इतका तो महत्त्वाचा आहे. 'आयनॅचरलिस्ट'वर १३ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय स्वतःचं खातं काढता येत नाही. खातं मोठ्या माणसाचं असावं आणि घराजवळची नोंद करताना जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे नेमका ठिपका न दिसता मोठा परिसर दिसतो. लहानांसाठी त्यांचंच 'सीक' अ‍ॅप आहे. त्याला खातं लागत नाही, कॅमेरा रोपट्यावर धरला की ते ओळखायला मदत करतं. फोटोत मुलांचे चेहरे नसावेत, हा नियम आपण सगळ्यांसाठीच ठेवू.
'आयनॅचरलिस्ट'चं एक मोठेपण सांगते. आपण नाव चुकीचं टाकलं तरी दुसरे जाणकार दुरुस्त करतात. फोटो किंवा आवाज, तारीख, जागा असेल आणि ओळखणाऱ्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक एकमत झालं, तरच नोंद संशोधनाच्या दर्जाची धरतात. कुणा अनोळखी माणसाने आपण टाकलेल्या पानाच्या फोटोखाली 'हे अमुक नव्हे, तमुक आहे, कारण शिरा बघा' असं लिहिलं की शिक्षकही शिकतो.

बी-१०२ (कॉलेज विद्यार्थी):
टीचर, दरवर्षी एप्रिलच्या शेवटी 'सिटी नेचर चॅलेंज' असतं ना, आपल्या शहरातले प्राणी-वनस्पती नोंदवायचं? तेही 'आयनॅचरलिस्ट'वरच. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोनच शहरांत सुरू झालं, आता जगभरची शहरं असतात. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंगांचा, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या किड्यांचा, आठवडा असतो, २०१२ पासून. मला तो करायचा आहे. मागच्या भिंतीवर पांढरी चादर आणि एक दिवा, बास. पतंगांच्या सुमारे १,६०,००० प्रजाती आहेत, फुलपाखरं त्यापुढे फारच थोडी. पण सगळे फुलपाखरंच बघतात.

सी-१०३:
अरे बाळा, रात्री दिवा लावून किडे बोलावणार, ते तळमजल्यावर आमच्या घरात येणार. याला माझा विरोध आहे.

बी-१०२ (कॉलेज विद्यार्थी):
काकू, तुमच्या बाजूला लावणारच नाही. तास-दीड तासच ठेवू, नंतर दिवा बंद केला की पतंग निघून जातात. रात्रभर लावणं त्यांच्यासाठीही वाईट. हात लावायचा नाही, फक्त फोटो काढायचे. तुम्ही या ना बघायला.

सी-१०३:
दीड तास असेल तर हरकत नाही. येईन.

डी-१०४:
सगळं ठीक आहे, पण झाडं लावण्यात वाईट काय आहे? चांगल्या कामाला आपण उगाच नावं ठेवतोय असं वाटतं.

बी-३०४ (शिक्षिका):
नावं नाही ठेवत, काका. लावूया. फक्त जितक्यांना वर्षभर पाणी घालणारा माणूस ठरला आहे, तितकीच. आणि प्रत्येक रोपाची उंची दर महिन्याला एखाद्या मुलाने मोजायची. जगलं तर आलेख होईल. मेलं तर का मेलं, हे शोधणं हाही धडाच, आणि तो आपण मुलांपासून लपवतो. गुपचूप दुसरं रोप लावून टाकतो.
शिवाय आहेत त्या झाडांकडे कोण बघतं? आवारातल्या मोठ्या झाडांचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजून ठेवता येतो. कोवळी पानं कधी आली, पहिलं फूल कधी उमललं, हे लिहिता येतं. क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. ज्यांनी त्या रोजनिशीत लिहिल्या त्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. आज शास्त्रज्ञ त्याच नोंदींवरून सांगतात की बहर आता पूर्वीपेक्षा लवकर येतो.

ए-२०३ (आजींच्या वतीने सूनबाई):
आईंना हे वाचून दाखवलं. त्या विचारतात, फोन वापरता येत नाही, पण खिडकीसमोरच्या झाडाचं लिहून ठेवलं तर चालेल का? त्यांना त्या झाडाचं सगळं पाठ आहे.

बी-३०४ (शिक्षिका):
चालेल म्हणजे काय! आजींना माझा नमस्कार सांगा. वही मी आणून देते. आणि माझ्या वर्गातली मुलं त्यांना भेटायला आणली तर चालेल का, तेही विचारा. पूर्वी त्या झाडावर काय येत असे आणि आता काय येत नाही, हे पुस्तकात मिळणार नाही.

डी-४०१:
कचऱ्याचाही विषय घेऊया. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर जी साफसफाई झाली, तिच्यातून पुढे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. तिथल्या दोघी आयोजक बायकांनी लोकांना नुसतं उचलायला लावलं नाही, प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवायला लावली. म्हणून काय येतं, किती येतं हे धोरण ठरवणाऱ्यांपुढे आकड्यांत मांडता आलं. आपणही आठवडाभर सुका कचरा प्रकारवार मोजू. काच, सुया, औषधं यांना मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांनी हातमोजे घालूनच काम करायचं.

सी-२०२:
आणि आपल्या सफाईच्या ताईंना शिकवायला बोलवा. रोज कुठल्या मजल्यावरून काय येतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्या कामाचा त्यांना मोबदलाही द्यावा, पाहुण्या तज्ज्ञाला देतो तसाच.

ए-१०१ (सचिव):
मान्य. मोबदल्याचं कमिटीत मांडतो, विरोध होईल असं वाटत नाही.

बी-३०४ (शिक्षिका):
काका, तुम्ही मनातलं बोललात.
एक गोष्ट राहिली. जवळच्या शाळेला जोडून घ्यायचं असेल तर 'इको-स्कूल्स' या शाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण कार्यक्रमाची पद्धत चांगली आहे. १९९४ पासून चालते, सात पायऱ्या आहेत. पहिलीच पायरी म्हणजे समिती, आणि तिच्यात विद्यार्थी असलेच पाहिजेत. पालक, शेजारीही येऊ शकतात. दुसरी पायरी परिसराची तपासणी : कुठे गळतं, कुठे दिवे उगाच जळतात. उपाय त्यानंतर. आपण मुलांना उपाय आधीच सांगून टाकतो आणि मग त्यांनी उत्साह दाखवावा अशी अपेक्षा करतो.
आणि लहान मुलांपुढे बुडणारी शहरं, जळणारी जंगलं हे सगळं ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधी मुंगी बघू दे, मातीत हात घालू दे. संकटाचं समजायला त्यांना पुढे वय आहे.

सी-६०१:
हे फार पटलं. मुलीला मध्यंतरी रात्री झोप येत नव्हती, असलाच एक व्हिडिओ पाहिल्यावर. मी येते, आणि तिलाही आणते.

ए-१०१ (सचिव):
तर असं धरतो : चित्रकला स्पर्धा रद्द, बॅनर रद्द. रोपं पाणी घालणाऱ्यांच्या नावांसकटच. गच्चीवरचा पाऊस ए-५०३ काकांकडे. पतंगांची रात्र जुलैत, बी विंगच्या मागे. कचऱ्याची मोजणी सर आणि सफाईच्या ताई ठरवतील त्या आठवड्यात. पक्ष्यांसाठी फेब्रुवारीपर्यंत थांबायचं का?

बी-३०४ (शिक्षिका):
नको, 'ई-बर्ड'वर वर्षभर नोंद करता येते. दर महिन्याचा पहिला रविवार धरू, सकाळी साडेसहा, मागचं गेट, १५ मिनिटं. फेब्रुवारीपर्यंत हात बसेल. इतर शाळांतल्या शिक्षकांनाही बोलवा, पण पहिल्या खेपेला मुलांशिवाय. आधी शिक्षकांनी स्वतः चुकतमाकत मोजावं, प्रश्न विचारावेत, मग वर्ग आणावा. वही, पेन्सिल आणा. दुर्बीण कुणाकडे असेल तर इथे कळवा.

ए-५०३ (काका):
माझ्याकडे एक आहे, जुनी पण चांगली.

डी-१०४:
माझ्याकडेही आहे. आणि दोन रोपांना पाणी घालणारा म्हणून माझं नाव लिहा.